ग्लो प्लगच्या पट्टीवर १२ व्होल्ट येतात, तरी थंड इंजिन सुरू व्हायला त्रास

चौथा_गिअर:
जुनं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, साधा रिले (प्लगना वीज जोडणारा स्विच), १२ व्होल्टचे ग्लो प्लग (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारे). थंड असताना दहा-बारा सेकंद सेल्फ मारावा लागतो. सुरू झालं की थरथरतं, पांढरा धूर येतो, मिनिटभरात सुरळीत. गरम इंजिन लगेच सुरू होतं. डॅशबोर्डवरचा ग्लो प्लगचा दिवा नेहमीसारखा पेटून विझतो. बॅटरी १२.६ व्होल्ट, चावी फिरवल्यावर चारही प्लगना जोडणाऱ्या पट्टीवर १२.४. पट्टी न काढता चारही प्लगचा रोध मोजला, सगळीकडे १.१ ओहम. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्या तर ०.३ दाखवतो. प्लग चांगले समजून रिले बदलू का?

तांब्याची_तार:
रिलेला हात लावू नका, उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. पट्टी लावलेली असताना चारही प्लग समांतर असतात. चार ठिकाणी मोजलंत तरी मोजमाप एकच झालं. १.१ मधून पिनांचे ०.३ वजा केले की उरतात ०.८. थंड प्लग साधारण ०.५ ते १.५ ओहमचा असतो, त्यामुळे चारही चांगले असते तर ०.२ च्या आसपास आकडा आला असता. ०.८ म्हणजे बहुधा एकच प्लग जिवंत आहे.

व्होल्टेजही तेच सांगतं. चार प्लग मिळून ४० ते ६० अँपिअर ओढतात, पहिल्या क्षणी त्याहून जास्त. एवढा भार आला की बॅटरीच खाली बसते. तुमची १२.४ वर ठाम आहे, कारण भारच नाही.

आता पट्टी पूर्ण सोडवा. एक पिन प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा, रंगावर नको. ओएल (मीटरच्या पल्ल्याबाहेर, म्हणजे आतली वाट तुटलेली) आलं तर तो प्लग जळालेला.

रात्रपाळी:
डीसी क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) असेल तर मुख्य तारेवर लावून चावी फिरवा, १२-१५ अँपिअरच दिसले तर शंका मिटली. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून हे मोजू नका, त्याचा फ्यूज जाईल.

हा धागा वाचणाऱ्या नव्या गाड्यांच्या मालकांसाठी: कंट्रोल मॉड्यूल असलेल्या गाड्यांत प्लग ४-५ किंवा ७ व्होल्टचे असू शकतात. बॅटरीची तार थेट टेकवून लाल होतो का बघायला गेलात तर चांगला प्लगही जळेल. तिथे आधी पी०६७१ ते पी०६७४ हे बिघाडाचे कोड स्कॅनरने वाचा, शेवटचा आकडा सिलिंडरचा.

चौथा_गिअर:
पट्टी काढून मोजलं. १, २ आणि ४ ओएल, ३ ला पिनांचे वजा करून ०.८. चारही नवीन घालतोय. काढताना काय सांभाळू?

रात्रपाळी:
आदल्या रात्री मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा आणि इंजिन गरम असतानाच खोला. एम १० आट्याच्या प्लगला ३५ न्यूटन मीटरच्या पुढे जोर देऊ नका, अडला तर थोडा घट्ट, थोडा सैल असं करत तेल मुरू द्या. प्लग हेडमध्ये तुटला तर काम दसपट वाढतं. भोकातला काजळीचा थर रीमरने (भोक खरवडून साफ करणाऱ्या हत्याराने) काढा, नाहीतर नवा प्लग नीट बसत नाही. बसवताना १२ ते १८ न्यूटन मीटर, वरची बारीक नटं अगदी हलकी.

तांब्याची_तार:
तीन प्लग गेलेत, म्हणून कारणही शोधा. चावी बंद करून पट्टीवर व्होल्टेज मोजा. शून्य यायलाच हवं. आलं नाही तर रिलेचे संपर्क चिकटलेत आणि नवे प्लगही तसेच जळतील. इंजिन सुरू झाल्यावर प्लग दोन-तीन मिनिटं चालू राहणं मात्र बऱ्याच गाड्यांत ठरलेलंच असतं, त्याला बिघाड समजू नका. चार्जिंग १४.८ च्या वर जात नाही ना, तेही पाहा.

नवे प्लग लागले की पूर्ण भारावर बॅटरीच्या प्लसपासून पट्टीपर्यंतची घट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर फ्यूज, रिले, पट्टी असं एकेका टप्प्यावर पिना ठेवत जा, जिथे घट मोठी तिथेच गंज किंवा ढिला जोड. बॅटरीचा मायनस ते इंजिन ब्लॉक, तीच कसोटी.