मुले पाहून शिकतात हे खरे, पण नेमके काय शिकतात?

नदीकाठ : माझी साडेतीन वर्षांची नात बाहुलीला भरवताना डाव्या हातात साबणाचा रिकामा खोका धरते आणि उजव्या हाताने घास देता देता डाव्या अंगठ्याने तो खोका खालून वर सरकवल्यासारखा करते. तो तिचा फोन. हे तिला कोणीही शिकवलेले नाही. आम्ही घरातले सगळेच तिला असे भरवतो. १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी ७२ बालकांवर प्रयोग केला होता. त्यात मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने बडवताना ज्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी अनेकांनी नंतर तसेच बडवले, त्याच्या तोंडचे शब्दही उचलले. म्हणून माझे मत असे की, मुलांना सांगत बसण्यात अर्थ नाही, आपले वागणे तेवढे सुधारावे.

आडवाट : मला हे पटत नाही. तो बाहुला मुळात मारण्यासाठीच केलेला, बुडाशी जड, पाडला तरी पुन्हा उभा राहणारा. अनोळखी खोलीत मोठे माणूस त्याला बडवते आहे, हे पाहून ‘हे खेळणे असे खेळायचे’ एवढेच मुलाला कळले असणे शक्य आहे. शिवाय त्या मुलांना आधी छान खेळणी दाखवून ती काढून घेतली होती, म्हणजे ती चिडलेलीच होती. आमचे वडील रागाच्या भरात जेवणाचे ताट भिरकावत. धाकटा भाऊ आज तेच करतो; माझा आवाजही चढत नाही. दोघांनी पाहिले एकच.

नदीकाठ : १९६५ च्या प्रयोगात बांडुरांनी हाच मुद्दा तपासला. चित्रफितीतल्या माणसाला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्यांनी नक्कल कमी केली; पण ‘त्याने काय केले ते करून दाखवा, बक्षीस देऊ’ म्हटल्यावर हा फरक उरला नाही. ताट भिरकावायचे कसे, हे तुम्हालाही भावाइतकेच ठाऊक आहे.

आडवाट : ठाऊक आहे, कबूल. पण मग करणे-न करणे ठरते ते त्या कृतीचे पुढे काय होते यावरून, आणि ते घडवायला बोलावे लागते, प्रसंगी रागवावेही लागते. सांगणे व्यर्थ हा तुमचा दावा तुमच्याच पुराव्याने पडतो.

ठेका : दोघांनीही एक गोष्ट सोडली आहे. २००५ मध्ये हॉर्नर आणि व्हाइटन या संशोधकांनी चिंपांझी आणि तीन-चार वर्षांची मुले यांना एका पेटीतून बक्षीस काढून दाखवले, मध्ये काही निरर्थक कृती घालून. पेटी पारदर्शक असली, म्हणजे त्या कृतींचा उपयोग नाही हे दिसत असले, की चिंपांझींनी त्या बहुतांशी गाळल्या; मुले त्या करतच राहिली. आमच्या तबल्याच्या गुरुजींना सुरुवातीला खाकरायची सवय होती. आम्ही सगळे शिष्य बराच काळ खाकरल्याशिवाय ‘धा’ वाजवत नसू! मूल काय उचलेल हे मोठ्यांच्या हाती नसते. त्यातले कामाचे कोणते आणि फुकटचे कोणते, हे कधीतरी सांगावेच लागते. गुरुजींनी ते हसून सांगितले, तेव्हा आमचे खाकरणे थांबले.

नदीकाठ : तुमचा प्रतिसाद वाचून मी काल नातीला विचारले, ‘बाहुलीला भरवताना फोन कशाला लागतो?’ तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले आणि म्हणाली, ‘भरवतात असंच.’