अहिथोफेल फितूर, की बथशेबेचा आजोबा?

पोथीवाचक
परवा इथे एकांनी लिहिलं की अहिथोफेल म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागलेला घरभेदी. दावीद राजाचा सल्लागार असून राजाचाच मुलगा अबशालोम याच्या बंडात सामील झाला, गळफास घेऊन मेला, आणि धडा एवढाच की धन्याशी इमान राखा. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

बायबलातलं २ शमुवेल ११:३ उघडा. बथशेबा कोणाची मुलगी? एलीयामाची. आता २३:३४, दावीदाच्या वीरांची यादी: गिलोनी अहिथोफेलाचा मुलगा एलीयाम. त्याच यादीतलं शेवटचं नाव (२३:३९) उरीया हित्ती, बथशेबेचा नवरा. सासरा-जावई एकाच पथकात! म्हणजे राजाने ज्या बाईला वाड्यावर आणवलं ती अहिथोफेलाची नात, आणि ज्याच्या हाती त्याच्याच मरणाची चिठ्ठी देऊन रब्बाच्या वेढ्यावर सेनापती यवाबाकडे धाडलं तो नातजावई. आधी दगा कोणी दिला?

टीपकार
पुन्हा तेच. दोन ठिकाणी एलीयाम नाव सापडलं की माणूस एकच, हे कोणी ठरवलं? १ इतिहास ३:५ मध्ये बथशेबेच्या बापाचं नाव अम्मीएल आहे. वीरांची यादी १ इतिहास ११ मध्ये पुन्हा येते, तिथे या जागी अहिथोफेलही नाही आणि एलीयामही नाही, 'अहीया पलोनी' आहे. खुद्द ११:३ मध्ये आजोबाचा उल्लेख नाही. लेखकाला सूड दाखवायचा असता तर एक शब्द पुरला असता. तुम्ही ग्रंथात नसलेली गोष्ट ग्रंथाच्या माथी मारताय.

पोथीवाचक
अम्मीएल आणि एलीयाम ही तीच दोन पदं उलटसुलट जोडलेली नावं आहेत, 'अम्मी' आणि 'एल'. हे तुम्हाला ठाऊक असून तुम्ही ते वेगळं नाव म्हणून पुढे करता, हे बरं नाही.

आणि हेतू ग्रंथात नाही म्हणता? १७:१-३, अहिथोफेलाने अबशालोमाला दिलेला सल्ला, मूळ हिब्रूत वाचा. मी निवडतो, मी उठतो, मी पाठलाग करतो, मी गाठतो, मी घाबरवतो, मी मारतो, मी परत आणतो. तीन ओव्यांत सात क्रियापदं, सगळी प्रथमपुरुषी. बारा हजार माणसं, आजच रात्री, आणि मारायचा फक्त राजा. बाकी एकाच्याही केसाला धक्का नाही. गादीसाठी लढणारा सल्लागार असं बोलत नाही, वैर असलेला माणूस बोलतो.

टीपकार
किंवा कामाची जाण असलेला सल्लागार बोलतो. दावीद थकलेला आहे, सोबतची माणसं हातपाय गाळून बसलीत, यार्देन अजून ओलांडलेली नाही. अशा वेळी एकच माणूस मारणं हा सर्वांत कमी रक्ताचा मार्ग. १७:१४ मध्ये लेखक स्वतःच या सल्ल्याला 'चांगला' म्हणतो. त्यात वैर शोधायची गरज नाही.

सनावळी
नात्याचं वयाच्या हिशोबात बसतं का, ते कोणी बघितलं? तालमुदात (यहुदी रब्बींचा ग्रंथ, सन्हेद्रिन १०६ब) अहिथोफेल तेहतीस वर्षं जगला असं आहे. ६९ब मध्ये त्यावरून हिशोब मांडलाय: त्या वेळी बथशेबेचा मुलगा शलमोन सात वर्षांचा, ते वजा केले की सव्वीस, तीन गरोदरपणांची दोन वर्षं वजा, उरले चोवीस, तीन पिढ्यांत वाटले तर प्रत्येकी आठ. आठव्या वर्षी बाप! आजोबाची कल्पना इथेच मोडते.

पोथीवाचक
मोडतो तो तेहतीसचा आकडा, नातं नाही. तो आकडा जन्मनोंदीतून आलेला नाही. स्तोत्र ५५ मध्ये आहे की रक्तपाती आणि कपटी माणसं अर्धं आयुष्यही जगणार नाहीत. सत्तरचं अर्धं पस्तीस, म्हणून तेहतीस. तो उपदेश आहे. शिवाय त्याच रब्बींनी नातं गृहीत धरलंय, म्हणून तर हिशोब करावा लागला.

सनावळी
बरं, तालमूद बाजूला ठेवा. शमुवेलातलीच वर्षं घ्या. अबशालोमाची बहीण तामार हिच्यावर सावत्रभाऊ अम्नोनाने बलात्कार केल्यावर दोन वर्षांनी मेंढ्यांच्या कातरणीला अबशालोमाने करवलेला अम्नोनाचा खून (१३:२३). मग अबशालोम पळून गशूरात तीन वर्षं (१३:३८). परत आल्यावर बापाचं तोंड न पाहता यरुशलेमेत दोन (१४:२८). मग बंडापर्यंतच्या काळाला १५:७ मध्ये हिब्रू पाठ 'चाळीस' वर्षं म्हणतो, जे शक्यच नाही, कारण दावीदाची अख्खी कारकीर्दच चाळीसची. सीरियाक पाठात आणि प्राचीन यहुदी इतिहासकार जोसेफसात चार आहे. बेरीज अकरा. बथशेबेचं प्रकरण त्याच्याही आधीचं. अकरा वर्षं त्याच राजाला सल्ला देत राहिला आणि मग सूड?

टीपकार
हाच माझा मुद्दा.

पोथीवाचक
अबशालोमानेही अम्नोनाशी दोन वर्षं बरंवाईट एक शब्द न बोलता वाट पाहिली (१३:२२). या पुस्तकात राग असाच मुरतो.

कोकणकडा
वयं मोजून झाली असतील तर मला वेगळं बोलायचंय. अहिथोफेलाला येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या चष्म्यातून बघायची सवय सोडा. मत्तय २७:५ मध्ये गळफासासाठी तेच ग्रीक क्रियापद आहे जे सेप्टुअजिंटात (जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात) अहिथोफेलासाठी आहे, मान्य. पण उसनवारी मत्तयाची आहे. शमुवेलात काय लिहिलंय? गाढवावर खोगीर घातलं, आपल्या गावी घरी गेला, घरच्यांची व्यवस्था लावली, मग गळफास, आणि बापाच्या कबरेत पुरला (१७:२३). अबशालोमाला मात्र रानात खड्ड्यात टाकून वर दगडांची रास रचली (१८:१७). लेखकाला अहिथोफेलाला फितूर म्हणून शिक्षा द्यायची असती तर त्याला बापाच्या शेजारी निजवलं नसतं.

आणि फितुरीच मोजायची तर हूशयाची मोजा. अहिथोफेलाचा सल्ला मोडायला दावीदानेच या आपल्या मित्राला परत पाठवलं. तो अबशालोमापुढे म्हणतो 'राजा चिरायू होवो', दोनदा (१६:१६). कोणता राजा ते सांगत नाही! पुढे म्हणतो, परमेश्वराने आणि या लोकांनी निवडलेल्याचाच मी. नाव पुन्हा नाही. त्याला कोणी विश्वासघातकी म्हणत नाही, कारण तो जिंकणाऱ्या बाजूचा.

टीपकार
हूशयाचं पटतं. त्या दोन वाक्यांकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. पण १५:३१ मध्ये दावीद स्वतः प्रार्थना करतो की अहिथोफेलाचा सल्ला मूर्खपणाचा कर. ग्रंथ त्याच्या बाजूचा आहे असं म्हणू नका.

दिवटी
तुम्ही सगळे दोन पुरुषांच्या इमानावर भांडताय. दहा बायका कुठे गेल्या? दावीद पळताना घर राखायला दहा उपपत्नी मागे ठेवतो (१५:१६). अहिथोफेलाचा पहिला सल्ला काय, तर त्यांच्याजवळ जा. गच्चीवर तंबू ठोकतात, सगळ्या इस्राएलासमोर (१६:२२). दावीदाने बथशेबेला पाहिलं तेही गच्चीवरूनच. नाथान संदेष्ट्याने दावीदाला सांगितलं होतं की तू गुपचूप केलंस, हे भर उन्हात होईल (१२:१२). जुळवाजुळव पक्की आहे, पण ती कोणाच्या अंगावर झाली? दावीद परत आल्यावर त्यांना पहाऱ्यातल्या घरात ठेवतो, खायला घालतो, जवळ जात नाही. मरेपर्यंत कोंडलेल्या, नवरा जिवंत असून विधवा (२०:३). नातीच्या सुडासाठी दुसऱ्या दहा जणींचं तेच करणारा आजोबा तुम्ही मोठा करताय, पोथीवाचक.

पोथीवाचक
याला माझ्याकडे उत्तर नाही. मी २०:३ कडे बंडाचा हिशोब मिटवणारी ओवी म्हणूनच बघत आलो. तो नातीसाठी उठला असेल तर गच्चीवरचा सल्ला त्याला माफ होत नाही, उलट जास्त जड होतो. नात्याचं मात्र मी सोडत नाही.

टीपकार
दिवटीताईंचं पूर्ण मान्य. एलीयाम तोच, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही.