‘पॅडिंग’ला काय म्हणायचं? समास, माया की आणखी काही?

सुगरणपक्षी
मी आणि माझी मावशी मिळून पाककृतींचा ब्लॉग लिहितो. गेल्या महिन्यात सगळं लेखन ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर हलवलं. मजकूर आला, फोटो आले, पण मांडणी नव्यानं करावी लागतेय. मावशी बेळगावला, मी पुण्यात, त्यामुळे कुठे काय बदलायचं ते मी तिला मराठीत लिहून पाठवते. परवा लिहिलं, ‘साहित्याच्या पिवळ्या चौकटीचा समास वाढव.’ तिनं मार्जिनचा आकडा ८ चा ३२ केला. चौकट खालच्या परिच्छेदापासून लांब सरकली आणि आतलं ‘दोन वाट्या ज्वारीचं पीठ’ कडेला चिकटलेलं ते चिकटलेलंच. मला पॅडिंग म्हणायचं होतं, म्हणजे चौकटीची कड आणि आतला मजकूर यांमधली जागा. चूक मावशीची नाही, शब्दानं घोटाळा केला. चौकटीबाहेरची मोकळी जागा आणि आतली मोकळी जागा, दोन्हींना वेगळे शब्द हवेत. बाहेरच्या जागेला समास ठेवू, पण आतलीला काय म्हणायचं?

टाकदौत
उलटं आहे ते. समास आतल्याच जागेला म्हणतात. वहीत डावीकडे समास सोडायचो, ती जागा पानाच्या आत होती की बाहेर? कागदाची कड म्हणजे तुमची चौकट. कडेपासून अक्षरांपर्यंतचं अंतर तो समास. तुम्ही मावशींना अगदी बरोबर शब्द लिहिला होता.

सुगरणपक्षी
हे खरंच लक्षात आलं नव्हतं. पण तिच्या पडद्यावर ‘मार्जिन’ लिहिलेलं आहे आणि मार्जिन म्हणजे समास हे आपण सगळ्यांनी शाळेतच पाठ केलंय. आता समासाला आत आणला तर बाहेरचं बेघर होतं.

दोराधागा
शिवणकामात ह्याला सरळ शब्द आहे, माया. मी २२ वर्षं ब्लाउज शिवतेय. बाजूच्या शिवणीत इंचभर माया ठेवल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. माया आत असते आणि त्याच कापडाची असते. तुमच्या पॅडिंगलाही चौकटीचाच पिवळा रंग येतो ना? मग ती मायाच.

कोडकरी
ताई, रंगाची खूण अचूक पकडलीत. पार्श्वभूमीचा रंग पॅडिंगभर पसरतो, मार्जिनमध्ये जात नाही. आणखी एक फरक सांगतो. साध्या मांडणीत एकाखाली एक दोन चौकटी आहेत, वरचीचं खालचं मार्जिन २० आणि खालचीचं वरचं ३०, तर मध्ये ५० जागा सुटत नाही. मोठा आकडा उरतो, ३०. दोन्ही मार्जिनं एकमेकांत मिसळतात, पॅडिंग कधीच मिसळत नाही. म्हणून दोन शब्द हवेतच. पण मी पॅडिंगच म्हणणार. टेबल, पेन्सिल पचवलेल्या भाषेला हाही पचेल.

टाकदौत
पचेल म्हणून गिळायचाच का? घरात शब्द असताना? मात्र माया मला पटत नाही. माया शिवणीच्या पलीकडे दुमडलेली असते, अंगात घातल्यावर ती दिसत नाही. पॅडिंग तर दिसण्यासाठीच सोडलेलं असतं.

दोराधागा
दिसत नाही, पण तिच्यामुळेच कपडा पुढे सैल करता येतो. मुलीचं पोलकं दोन वर्षं पुरतं ते मायेमुळे. शब्द घ्यायचा तो त्याच्या कामावरून घ्यावा.

टाकदौत
समासाबद्दल मला फार दिवस कुतूहल आहे. सम् आणि अस्, म्हणजे एकत्र ठेवणे. व्याकरणातला समास त्यातूनच आला. दासबोधात २० दशक आणि प्रत्येकात १० समास, तेही समजतं. पण कोऱ्या कडेला हे नाव कसं पडलं? माझा तर्क असा की चारी बाजूंची कोरी जागा मजकुराला एकत्र धरून ठेवते, म्हणून. पोथीचं सुटं पान हातात घ्या, अंगठा कोऱ्या जागेवर पडतो, अक्षरावर पडत नाही.

कोडकरी
तर्क सुंदर आहे, पण पुराव्याशिवाय व्युत्पत्ती म्हणून मी तो पुढे सांगणार नाही.

जुनाखिळा
मूळ प्रश्नातल्या ‘मांडणी’बद्दल बोलतो. वर्तमानपत्रात आम्ही मांडणी केली असं म्हणत नव्हतो, पान लावलं म्हणायचो. ‘पहिलं पान कोण लावतंय?’ हा रोजचा प्रश्न. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायच्या काळात दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी घालत, इंग्रजीतलं ‘लेडिंग’ त्या शिशावरून आलं. मोकळी जागा तेव्हा वजनदार होती, हातात धरता यायची. माझ्या आईच्या तोंडी मांडणी म्हणजे स्वयंपाकघरातली, डबे-पातेली ठेवायची.

केळीचंपान
जुनाखिळा, पानच म्हणायचं तर जेवणाचं पान बघा. मीठ वर मधोमध, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. ‘डावी बाजू कोण वाढतंय?’ म्हटलं की कोणालाही कळतं. साइडबारला, म्हणजे मजकुराशेजारच्या उभ्या पट्ट्याला, मी डावी बाजू म्हणेन, थोडं थोडं, चवीपुरतं असं जिथे ठेवतात ती.

कोडकरी
आणि तो उजवीकडे असला तर?

केळीचंपान
तर तो डावीकडे घ्यावा.

ओसरीवरून
आमच्या कोकणात पडवी म्हणतील. मूळ घराला लागून, उतरत्या छपराखाली. डावीकडे असो की उजवीकडे, पडवी ती पडवीच.

सुगरणपक्षी
तूर्त मावशीला ‘आतली जागा’ आणि ‘बाहेरची जागा’ असं लिहून पाठवलं. आतली २४ केली, चौकट आता श्वास घेतेय. पण दुसरंच दिसलं. शीर्षकात ‘थालीपीठ’ची शिरोरेखा प्रत्येक अक्षरापाशी तुटलीय, था-ली-पी-ठ असं सुटं दिसतं.

कोडकरी
निवडलेल्या साच्यात शीर्षकाला अक्षरांमधलं अंतर दिलेलं असणार. रोमन अक्षरं सुटीच असतात, त्यांना ते शोभतं. देवनागरीत रेघ तुटते. तो आकडा शून्य करा. ओळींमधलं अंतरही तपासा, १.२ असेल तर १.७ करून बघा. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकणार नाहीत.

टाकदौत
‘अक्षरांमधलं अंतर’ कशाला, विरळाई म्हणा. विरळ विणलेलं कापड म्हणतो तसं.

दोराधागा
विरळ कापडाला माया जास्त ठेवावी लागते, धागे सुटतात म्हणून. सुगरणपक्षी, मावशींना एक विचाराल का? बेळगावकडचे शिंपी मायेला मायाच म्हणतात की त्यांचा वेगळा शब्द आहे?