विषय: नियमावलीच्या मसुद्यातील ‘सक्षमतावाद’ हा शब्द

समिती सदस्यांस सस्नेह नमस्कार,

अपंग सभासदांशी होणाऱ्या भेदभावासाठी मसुद्यात ‘सक्षमतावाद’ हा शब्द योजलेला दिसला. अमेरिकेत रूढ असलेल्या ‘एबलिझम’चा तो प्रतिशब्द असावा. ब्रिटनमध्ये त्याच अर्थाने ‘डिसेबलिझम’ही म्हणतात. मग सरळ ‘अपंगद्वेष’ का लिहू नये? तो वाचताक्षणी कळेल.

सचिव

---

सचिव महोदयांस स. न. वि. वि.

दोन्ही इंग्रजी शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात हे खरे, पण त्यांचा रोख वेगळा आहे. ‘डिसेबलिझम’ अपंग माणसाला मिळणाऱ्या वागणुकीकडे बोट दाखवतो, तर ‘एबलिझम’ त्या वागणुकीच्या मुळाशी असलेल्या, धडधाकट शरीर हेच माणसाचे खरे रूप या समजुतीकडे. ब्रिटनमधील अपंगांच्या चळवळीने १९७६ सालीच मांडले होते की पाय लुळे असणे ही शरीराची गोष्ट झाली. पायऱ्यांमुळे आत जाता न येणे हे अपंगत्व मात्र समाज लादतो. याच विचाराला पुढे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी ‘सोशल मॉडेल’ असे नाव दिले.

‘अपंगद्वेष’ या शब्दाला माझा ठाम विरोध आहे. गेल्या स्नेहसंमेलनात गायनाचे बक्षीस मिळालेल्या आपल्या एक सभासद व्हीलचेअर वापरतात. मंचाला चार पायऱ्या होत्या, म्हणून त्यांचे स्मृतिचिन्ह खाली आणून मांडीवर ठेवण्यात आले, आणि “यांचा फोटो काढला तर चालेल ना?” असे शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांना विचारण्यात आले. विचारणारी मीच होते. तिथे कोणाच्याही मनात द्वेष नव्हता, होती ती मायाच. नियमात ‘द्वेष’ लिहिला, तर त्या दिवशीचे आपण सगळे निर्दोष ठरू.

‘सक्षमतावाद’ही मला पटत नाही, कारण ‘सक्षमीकरण’ कानावर पडलेल्या वाचकाला ती काही चांगली गोष्ट वाटेल. (‘दिव्यांग’ शब्दाचा वाद इथे काढत नाही, तो अनेक अपंग कार्यकर्त्यांना मान्य नाही, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.) कलमाचे शीर्षक ‘अपंगत्वावरून होणारा भेदभाव’ असे साधे ठेवावे आणि वाजवी सोय (जसे, मंचाला रॅम्प) नाकारणे हाही भेदभावच, हे त्यात स्वच्छ लिहावे. अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आणि भारताचा २०१६ चा कायदा, दोन्हींच्या व्याख्येत ते आहे.

नियमावली समिती सदस्य

---

ताई,

शीर्षक बदलले आहे आणि वाजवी सोयीचे वाक्यही घातले आहे. मतदानाला ठेवण्यापूर्वी मसुदा त्या सभासदांना वाचायला पाठवतो आणि त्या सुचवतील ते शब्द समितीपुढे ठेवतो. पुढील कार्यक्रमाच्या सभागृहात मंचावर जायला रॅम्प आहे का, याची चौकशीही आजच करतो.

सचिव