के-२ आणि रक्त पातळ करणारी गोळी
"आमवातावर के-२ घ्या, जीवनसत्त्वच तर आहे, अपाय काय होणार" असं एकाने लिहिलंय. के-२ म्हणजे के जीवनसत्त्वाचा एक प्रकार. त्यातलं पहिलं अर्ध एकवेळ मान्य. जपानमध्ये के-२चा एमके-४ हा प्रकार हाडांच्या ठिसूळपणावर रोज ४५ मिलिग्रॅम देतात, आणि आमवाताच्या रुग्णांवरही त्याचे छोटे अभ्यास झालेत. पण आपल्याकडच्या डबीत बहुधा एमके-७ हा के-२चा दुसरा प्रकार असतो, तोही मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांत. जपानचा दाखला त्या डबीला कसा लावणार?

दुसरं अर्ध मात्र आमच्या आईने भोगलंय. तिची हृदयाची झडप धातूची, म्हणून रोज असिनोकुमॅरॉल. ही गोळी के जीवनसत्त्वाचंच काम अडवून रक्ताची गुठळी होऊ देत नाही. गुडघ्यांसाठी शेजारच्या काकूंनी कॅल्शियमची गोळी सुचवली. त्यात के-२ आहे हे पट्टीमागच्या बारीक अक्षरांत. महिन्याभरात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा; तो उतरला की गुठळीचा धोका वाढतो) २.८ वरून १.५ वर! पालेभाजीतही के जीवनसत्त्व असतं, म्हणून डॉक्टर आधी विचारत होते, "पालक-मेथी जास्त झाली का?" शेवटी मी पिशवीतून ती पट्टी काढून दाखवली. पालेभाजी बंद करायला नाही सांगितली बरं का, रोज साधारण सारखीच खा म्हणाले. कॅल्शियम मात्र बदलून साधं, के-२ नसलेलं दिलं.