वास्तुशांतीला गुरुजींनी विचारलं : वेदोक्त की पुराणोक्त?

सुतारपक्षी

मंडळी, गेल्या महिन्यात मोशीत नव्या फ्लॅटची वास्तुशांत केली. गुरुजींनी आडनाव विचारलं, मग म्हणाले, "तुमच्याकडे वेदोक्त की पुराणोक्त?" मला काय माहीत! बायकोने माझ्याकडे बघितलं, मी वडिलांकडे. वडील म्हणाले, "आम्ही सुतार." गुरुजींनी मान डोलावली आणि पुराणोक्त सुरू केलं. नंतर कळलं, वेदोक्त म्हणजे वेदांतले मंत्र, परंपरेने मुंज होणाऱ्या वरच्या तीन वर्णांसाठी; पुराणोक्त म्हणजे पुराणांतले, शूद्रांसाठी. पळीतलं पाणी ताम्हनात पडायच्या आत माझा वर्ण ठरला होता.

गुरुजी भला माणूस आहे, दक्षिणेवरून घासाघीस नाही की मोबाईलवर बोलणं नाही. त्यामुळे राग नाही, पण किडा डोक्यात राहिला. मी २२ वर्षं बँकेत कर्जाच्या फायली बघतो. भिंतीत खिळा ठोकला तर निम्म्या वेळा अंगठ्यावर बसतो. आजोबा मात्र गावचे बलुतेदार. तिफण, कुळव, गाडीची चाकं, नवरदेवाचे पाट, सगळं तेच करायचे आणि सुगीला खळ्यावरून पेंढ्या आणायचे. गुरुजींनी माझा धंदा विचारलाच नाही. विचारला असता तर मी कोण? व्याजाचा हिशेब करतो म्हणून वैश्य? मुलगी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, ती ब्राह्मण? मग एका घरात संकल्प किती सोडायचे?

दुसरी गंमत. मुलाच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागला. आजोबांचा चौथीचा दाखला पत्र्याच्या पेटीत सापडला, त्यावर 'हिंदू सुतार'. तिथेही मी काय काम करतो याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं.

तर प्रश्न असा : वर्ण ठरवायचाच असेल तर शास्त्राप्रमाणे तो कशावरून ठरतो? जाणकारांनी सांगावं. टिंगल नको, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

कीर्तनरंगी

शास्त्राचं उत्तर सरळ आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत म्हणतात, 'चातुर्वर्ण्यं मया सृष्टं गुणकर्मविभागशः'. गुण आणि कर्म. जन्म हा शब्दच नाही. वनपर्वात अजगर झालेला नहुष युधिष्ठिराला विचारतो, ब्राह्मण कोण? धर्मराज सत्य, दान, क्षमा, दया असे गुण सांगतो आणि म्हणतो, हे शूद्रात दिसले तर तो शूद्र नव्हे, ब्राह्मणात नसले तर तो ब्राह्मण नव्हे. छांदोग्यातला सत्यकाम तर गोत्र माहीत नसलेला मुलगा. आईने सांगितलं तेच त्याने गौतमांना जसंच्या तसं सांगितलं आणि गौतमांनी त्याची मुंज लावली. तुमच्या गुरुजींचं चुकलं एवढंच.

चहाटळ_मास्तरीण

कीर्तनरंगी, अर्धाच श्लोक सांगून बुवा पुढच्या अभंगाला लागले! त्याच गीतेत अठराव्या अध्यायात 'सहजं कर्म कौन्तेय सदोषमपि न त्यजेत्' आहे. सहज म्हणजे सह-ज, जन्माबरोबर आलेलं. ते दोष असला तरी सोडू नकोस म्हणतात. सत्यकामाचंही तसंच. गौतम म्हणतात, असं खरं अब्राह्मण बोलू शकणार नाही. म्हणजे खरेपणा ही परीक्षा, की त्यावरून काढलेला जन्माचा अंदाज? तुम्हीच ठरवा.

आणि गुणकर्म मानलं तरी परीक्षा घेणार कोण? दयानंद सरस्वतींनी याचा विचार केला होता, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. मुलींचं सोळाव्या आणि मुलांचं पंचविसाव्या वर्षी गुणकर्म पारखून वर्ण ठरवावा, असं त्यांनी मांडलं. आईबापाच्या वर्णात न बसणारी मुलं दुसरीकडे जातील आणि त्यांच्या जागी त्या वर्णाची मुलं मिळतील, असंही. आता डोळ्यांसमोर आणा : दहावीच्या निकालासारखा वर्णाचा निकाल, आणि रीचेकिंगला रांग. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी यावर नेमकं बोट ठेवलं. जन्माने वर बसलेल्यांना तिथून उठवणार कसं? गुणावरच ठरवायचं तर ब्राह्मण-शूद्र ही जुनी लेबलं कशाला हवीत? आणि बाईचा वर्ण तिचा की नवऱ्याचा? नव्वद वर्षं होत आली, मला तरी पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

सुतारपक्षी, तुमच्या दुसऱ्या गमतीत मात्र गल्लत आहे. दाखला तुम्ही कोण आहात हे ठरवत नाही. तुमच्या घराण्याला जन्मावरून काय नाकारलं गेलं त्याची ती नोंद आहे. नाकारलं जन्मावरून, मग भरपाई बँकेच्या पगारावरून कशी मोजणार?

पंचगंगाकाठ

वेदोक्त-पुराणोक्त म्हटल्यावर कोल्हापूरकराला गप्प बसवत नाही. १८९९ चा कार्तिक. शाहू महाराज पंचगंगेवर स्नान करताहेत आणि त्यांचा उपाध्या पुराणोक्त मंत्र म्हणतोय, हे लक्षात आलं. छत्रपतींना वेदोक्ताचा अधिकार नाही, असं सरळ तोंडावर. पुढे राजोपाध्यांचं इनाम खालसा झालं आणि १९२० मध्ये महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचं वेगळं पीठच उभं केलं.

पण मला नेहमी रायगड आठवतो. ६ जून १६७४ च्या आधी महाराजांची मुंज लावावी लागली, वयाच्या ४४ व्या वर्षी. राज्य उभं केलेलं, किल्ले बांधलेले, अफझलखान-शाइस्ताखान होऊन गेलेले. क्षत्रियाचं कर्म याहून वेगळं काय असतं? तरी मेवाडच्या सिसोदियांपर्यंत वंशावळ लावली तेव्हाच अभिषेक झाला. जिथे गुणकर्म साऱ्या हिंदुस्थानाला दिसत होतं तिथेही कागद लागला, तर मोशीच्या फ्लॅटमध्ये बँकवाल्याला काय विचारता?

कीर्तनरंगी

मास्तरीणबाई, 'सहज'चा अर्थ स्वभावसिद्ध असाही घेतात. पण शिवरायांचा मुद्दा बोचरा आहे. त्याला माझ्याकडे श्लोक नाही.

सुतारपक्षी

सगळ्यांचे आभार. दाखल्याबद्दल मास्तरीणबाईंचं म्हणणं पटलं. पोराला तसंच समजावलं.

काल धीर करून गुरुजींना फोन लावला. म्हटलं, राग मानू नका, पण ठरवता कसं? हसले. म्हणाले, "अहो, आडनावावरून अंदाज बांधतो. शंका आली तर विचारतो. कोणी वेदोक्त म्हणालं की वेदोक्त. मला दोन्ही पाठ आहेत." म्हणजे ज्या गोष्टीवरून कोल्हापुरात इनामं गेली, ती आज यजमानाने बिनधास्त सांगितलं की मिळते. आम्ही तिघे गप्प बसलो म्हणून पुराणोक्त. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "माझा आजा जानवं घालायचा. आपण पांचाळ." म्हणजे स्वतःला विश्वकर्म्याचे वंशज आणि ब्राह्मण मानणारे कारागीर. मी विचारलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत? "जेवणं खोळंबली असती."

आता अवांतर. आमच्या किचनच्या ट्रॉल्या बसवायला आलेला पोरगा गोरखपूरकडचा. घरी शेती, सुतारकाम मुंबईच्या साईटवर शिकला. वडील दोन दिवस त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले होते. एरवी हिंदीचा कंटाळा, पण याच्याशी तास तास बोलत होते. तिसऱ्या दिवशी त्याची पटाशी हातात घेतली, नखावर धार बघितली आणि म्हणाले धार चांगली, दांडा भिकार. मग गावाहून बाभळीचा तुकडा मागवून स्वतः नवा दांडा करून दिला. मी भुसा झाडायला होतो.