वाचनालयाच्या सर्व्हरवर आपोआप अपडेट चालू ठेवावेत की नाही?

डिचोलीकर:
आमच्या गावच्या वाचनालयाचा सर्व्हर मी सांभाळतो. डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली, त्यावर वाचनालय चालवणारं कोहा हे सॉफ्टवेअर, त्याच्या खाली सगळ्या नोंदी साठवणारा मारियाडीबी हा डेटाबेस. जुलैत एका सकाळी सहा-साडेसहाला आपोआप अपडेट चालू असतानाच पावसाने वीज गेली. यूपीएसची बॅटरी जुनी, पाच मिनिटंही टिकली नाही. मारियाडीबी अर्धवट बसलेली. साडेनऊला दार उघडलं तर पुस्तकांचा शोध बंद, आणि मी मडगावात. दुपारपर्यंत काउंटरवरच्या बाई वहीत नोंदी करत होत्या. त्या दिवशी मी आपोआप अपडेट बंद केले. नीट चालणाऱ्या सर्व्हरला वर्षातून एकदाच, चवथीच्या सुट्टीत, समोर बसून हात लावावा असं माझं मत आहे.

फोंडेकर:
अजिबात पटलं नाही. घात केला विजेने आणि शिक्षा अपडेटला! कुठलं पॅकेज उलगडलं आणि कुठलं कॉन्फिगर व्हायचं, म्हणजे जुळवून चालू व्हायचं, राहिलं, याची नोंद डीपीकेजी, म्हणजे डेबियनचं पॅकेजेस बसवणारं साधन, ठेवतं. तुम्ही पोचल्यावर काय केलंत ते सांगा.

डिचोलीकर:
'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा दिली, अर्धवट राहिलेलं सगळं पुरं करणारी. दहा मिनिटांत सगळं सुरू. पण ही एक ओळ माहीत असलेला माणूस तिथे हवा ना? गावात मी एकटाच.

फोंडेकर:
मग तुम्ही गावात नसताना सर्व्हरमध्ये कुणी घुसलं तर बाई काय करणार? २०१७ चं वॉनाक्राय आठवा, विंडोजच्या संगणकांवरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दुरुस्ती दिली होती, हल्ला १२ मेला झाला. दोन महिन्यांत ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले. तुम्ही तर बारा महिने थांबा म्हणताय. त्या सर्व्हरवर वाचकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत, ते लोकांनी आपल्या भरवशावर दिलेत.

मांडवीकाठ:
मी डिचोलीकरांच्या बाजूने. घाईने नवं घेणंही अंगाशी येतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, सापडलं. एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये, लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने खोदून पाहिलं म्हणून कळलं. जे आधी अपडेट करतात तेच आधी बुडाले असते.

फोंडेकर:
उदाहरण खरं, पण इथे लागू नाही. त्या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या शाखांमध्ये आल्या होत्या. डेबियन १२ वर ५.४.१ होती, तिला धक्का लागला नाही. स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियन १२ सारख्या पक्क्या आवृत्तीत, सुरक्षेची दुरुस्ती बहुतेक वेळा जुन्याच आवृत्तीत शिवून देतात. पॅकेजचा नंबर बघा, शेवटी 'डेब१२यू१' चं 'डेब१२यू२' होतं, त्याच्या आधीचा मूळ आवृत्तीचा आकडा तोच राहतो. ही ठिगळं तुम्ही 'नवी आवृत्ती' समजून नाकारताय. त्यामागे कुणीतरी रात्री जागवलेल्या असतात हो.

सत्तरीची वाट:
दोघांचाही मुद्दा खरा आहे, पण अडचण सहा वाजताची आहे. आपोआप अपडेट सुरू करणारा डेबियनचा टायमर मुळातच सकाळी सहाचा, त्यात तासाभरापर्यंतचा उशीर. त्या वेळी वाचनालयात कुणी नसतं. टायमर अकरावर न्या. आपोआप अपडेट करणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्स या पॅकेजच्या सेटिंगच्या फाइलमध्ये फक्त सुरक्षेच्या ओळी ठेवा, बाकीच्यांपुढे कॉमेंटची खूण टाका, म्हणजे त्या बंद होतील. कोहाची रेपॉझिटरी, म्हणजे पॅकेजेसचं कोठार, वेगळी आहे, ती त्यात आपोआप येत नाही, ते हातानेच करा. आणि बॅटरी बदला, पावसाळ्याआधी.

डिचोलीकर:
अकराला वाचक बसलेले असतात. तेव्हा मारियाडीबी रीस्टार्ट झाली तर?

सत्तरीची वाट:
काही सेकंद शोध अडेल. वहीत अर्धा दिवस लिहिण्यापेक्षा बरं.

डिचोलीकर:
फक्त सुरक्षेचं, अकरा वाजता, आजपासून चालू करतो. डीपीकेजीची ती एक ओळ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवतो, बाईंकडून एकदा टाइप करूनही घेतो. पण डेबियन १३ वर जाणं आणि कोहाची नवी आवृत्ती चवथीलाच, बॅकअप घेऊन. त्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही.

फोंडेकर:
त्याला माझी ना नाही. चवथीला फोंड्याहून येतो, दोघं मिळून करू.